घरच्या सिनेमाला मध्यंतर द्या: उन्हाळ्यातल्या खाण्याच्या या चुका टाळा

मे महिन्यात सांगलीत दुपारी एक ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. पोरांना सुट्टी, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, पडदे ओढून घेतलेले, कूलर घरघरतोय आणि टीव्हीवर सिनेमा. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आम्ही चौघांनी अर्ध्या किलोची भडंगाची पिशवी संपवली. सासूबाई आतून आल्या, पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाल्या, "मोकळीच की गं! आता सिनेमात काय झालं तेवढं तरी सांग." मला तेही धड सांगता येईना.

तेव्हापासून घरातल्या चुका मी ध्यानात ठेवायला लागले. आधीच सांगते, त्यातल्या बहुतेक भडंगाच्या नाहीत. भडंग सोडा म्हणणारा आहारतज्ज्ञ सांगलीत फार दिवस टिकणार नाही.

सलग बघणं, सलग खाणं

सगळ्यात मोठी चूक हीच. थिएटरात मध्यंतर असतं. जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमध्ये तर बहुतेक वेळा एकच प्रोजेक्टर असायचा, त्यामुळे रीळ बदलायला सारखं थांबावं लागे. लोक उठायचे, पाणी प्यायचे, शेंगांची पुडी घेऊन परत जागेवर यायचे. घरच्या सिनेमाला ही उठबस राहिलेली नाही. मालिका असेल तर एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. डोळे पडद्यावर आणि हात पिशवीत. लक्ष दुसरीकडे असलं की माणूस जास्त खातो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. वर काय आणि किती खाल्लं ते नीट आठवत नाही, म्हणून पुढच्या जेवणालाही हात आखडत नाही.

आम्ही काय केलं, तर सिनेमा मुद्दाम थांबवायला लागलो. बऱ्याच हिंदी-मराठी सिनेमांत ओटीटीवरसुद्धा 'मध्यंतर' किंवा 'इंटरव्हल' अशी पाटी क्षणभर झळकून जाते. ती दिसली की थांबवायचं. पाटी नसेल तर एकूण वेळेच्या निम्म्यावर. दिवा लावायचा, स्वयंपाकघरात जायचं, खायचं ते तिथेच बसून खायचं. पहिले दोन दिवस पोरांनी कटकट केली. तिसऱ्या दिवसापासून धाकटाच ओरडायला लागला, "आई, मध्यंतर!"

पिशवीतून खाणं

पिशवीला तळ असतो, पण तो शेवटीच दिसतो. म्हणून वाटी घ्या. भडंग आधीच तेल, लसूण, तिखट, मीठ लावून परतलेलं असतं आणि त्यातले शेंगदाणे प्रथिनं देतात तसे उष्मांकही देतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं आणि साडेपाचशेच्या वर उष्मांक. त्यामुळे वाटीत भडंग निम्मंच घ्यायचं. उरलेली जागा काकडी, कांदा, कैरीचा कीस आणि कोथिंबिरीने भरायची. वरून मीठ नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. जेवणात लोणचं-पापड असेल तर त्यातला बराचसा वाटा तिथेच संपलेला असतो.

या मिसळणीचा खरा फायदा वेगळाच निघाला. काकडी घातलेलं भडंग पाच-दहा मिनिटांत मऊ पडतं. ते तीन तास पुरवून खाताच येत नाही, मध्यंतरातच संपवावं लागतं.

लाह्यांचीही आठवण करून देते. ज्वारीच्या लाह्या आपण नागपंचमीपुरत्या ठेवल्यात. मोठ्या दुकानातून लोण्याच्या वासाचं पाकीट आणण्यापेक्षा वाटीभर लाह्या, वर चिमूट हळद-तिखटाची हलकी फोडणी. पोरं आधी नाक मुरडतील. मुरडू द्या.

"हे तर पौष्टिक आहे" म्हणून मोजमाप सोडणं

इथे माझा स्वतःचा पाय घसरला. गोड बंद केलं आणि बेदाण्याची बरणी जवळ घेऊन बसले. उन्हाळ्याच्या तोंडाला तासगावकडचा नवा बेदाणा येतो, चवीला सुरेख. पण साधारण चार किलो द्राक्षं सुकतात तेव्हा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, साखर राहते. शंभर ग्रॅम द्राक्षांत सत्तरच्या आसपास उष्मांक, तर तेवढ्याच बेदाण्यात तीनशेच्या. दुपारभर चिमटी चिमटी करत मी किती घड गिळले असतील, त्याचा हिशेब न केलेलाच बरा. आता दहा-पंधरा दाणे वाटीत काढते आणि बरणी फडताळात ठेवते.

आंब्याला मात्र उगाच बदनाम करू नका. मधुमेह नसेल तर जेवणासोबत एक आंबा खुशाल खा. गडबड होते ती रात्री अकरा वाजता सिनेमा बघताना तिसरा चोखला की.

पेयांबद्दल थोडक्यात. ताक, आंबील, कोकम, बेताच्या गुळाचं पन्हं. उसाचा रस कधीतरी आणि शक्यतो बिनबर्फाचा. बर्फ निळसर दिसला तर तो खायचा नव्हेच. आइस्क्रीमच्या वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं, एवढं वाचून घ्या.

उपाशीपोटी थिएटर गाठणं

बाराचा शो म्हणून जेवण टाळायचं आणि मध्यंतरात दोन समोसे, वर थंड पेयाचा मोठा ग्लास. अकरा वाजता भाकरी, मटकीची उसळ आणि ताक घेऊन निघा, मग समोशाकडे बघवतही नाही. बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये थिएटरवाल्यांना दिला. त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं, असंही सांगितलं. तेव्हा विकतची बाटली घेण्याआधी नळ कुठे आहे ते विचारा. बिनधास्त विचारा.

आवाज वाढवत जाणं

हे खाण्याशी संबंधित वाटणार नाही, पण आहे. कूलरची घरघर आणि चार तोंडांची कुरकुर यात संवाद ऐकू येत नाहीत, मग आवाज वाढतो, मारामारी आली की कान फाटतात आणि सासूबाई उठून जातात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील आणि ओटीटीवर ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा) आवाज निवडलेला असेल, तर संवाद अनेकदा दबतात. ऑडिओच्या यादीत 'स्टीरिओ' निवडून बघा. आमचा निम्मा वाद तिथेच मिटला. उरलेला निम्मा कुरकुरीत पदार्थ मध्यंतरापर्यंत लांबवल्यावर.

रात्रीचा सिनेमा, त्याहून उशिराचं जेवण

ऊन उतरलं की घर जागं होतं. दहाला सिनेमा, ताट मांडीवर, साडेबाराला पुन्हा फ्रीज. क्रम बदला. आठला जेवण उरका, मग सिनेमा लावा, साडेअकराला झोपा.

आणि एखाद्या रात्री झालंच जास्त, तर दुसऱ्या दिवशी भरपाईचा उपास धरू नका. मी एकदा धरला होता. दुपारी चारपर्यंत निभावला. मग घरात साबुदाणा भिजवलेला निघाला, शेंगदाण्याचं कूट होतंच, आणि टीव्हीवर नुकताच दुसरा सिनेमा सुरू झाला होता.