शिकारी पक्ष्यांची मोजणी: घिरट्या घालणारे मोजू नका

स्थलांतर करणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या काउंटला, म्हणजे मोजणीला, पहिल्यांदा येणाऱ्यांना आयडीचीच, म्हणजे पक्षी ओळखण्याचीच जास्त भीती असते. आयडी जमतं हो हळूहळू, टेन्शन नको. वाट लागते ती मोजण्यात.

थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, गरुड, घारी, बझर्ड सगळे एकत्र गोल फिरत वर चढत असतात आणि आपला हात आपोआप क्लिकरवर जातो. नका दाबू! खालून नवे मिसळत असतात, वरचे निसटत असतात, एकच घार तीनदा समोरून जाते आणि तुम्ही तिला तीनदा मोजता. थांबायचं. वर पोचले की पंख ताठ धरून ते एकामागून एक पुढच्या थर्मलकडे सरळ निघतात, तेव्हा मोजायचे. समोर एखादं शिखर किंवा टॉवर धरून मनात रेघ ठरवा, रेघ ओलांडली की क्लिक, परत मागे आला तर वजा. तिथल्याच घारी दिवसभर ये-जा करतात, त्या धरायच्याच नाहीत. आणि दोघं मोजत असाल तर आभाळ आधी वाटून घ्या, नाहीतर तोच थवा दोघांच्या वहीत.

एवढं ताणतेय कारण जॉर्जिया देशातल्या बटुमीला एका सीझनमध्ये दहा लाखांच्या वर शिकारी पक्षी जातात. पाण्यावर थर्मल नीट बनत नाहीत म्हणून ते काळा समुद्र टाळतात आणि समुद्र नि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटतात. तिथे घिरट्या मोजल्यात तर आकड्याला काही अर्थच नाही.

फोटो काढून ॲपला विचारू म्हणणाऱ्यांनो, उंचावरचा ठिपका ॲपलाही ठिपकाच दिसतो. आणि बघताक्षणी नाव ठोकून देणाऱ्या सीनियरपेक्षा 'गरुड, जात कळली नाही' असं बिनधास्त लिहिणाऱ्याच्या शेजारी बसा.

वय मात्र जमेल तेव्हा लिहाच. अमेरिकेत हॉक माउंटनला 1934 ला मोजणी सुरू झाली, पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात बाल्ड ईगल या गरुडाची त्या वर्षीची पिल्लं कमी दिसतायत हे तिथल्या नोंदींतून लक्षात आलं. नुसती बेरीज असती तर कळलं असतं का?

तासभर काहीच आलं नाही तरी शून्य लिहा, तासच नोंदला नाही तर ताशी किती हे काढणार कसं. अशा तासांना कंटाळा येतो, तो सगळ्यांनाच येतो, तुम्ही नालायक नाही. स्वच्छ निळ्या आभाळात उंच पक्षी हरवतात, तेव्हा एखादा ढग असेल तर दुर्बीण त्याच्या कडेने फिरवा. आणि मागे रेलता येईल अशी खुर्ची न्या, मान जाते.