गाडी एकीकडं ओढते, स्टेअरिंग थरथरतं: नव्यानं गॅरेजला लागलेल्यांसाठी

आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी जालन्यात एका गॅरेजवर लागलो. दुसऱ्याच महिन्यात एक निवृत्त गुरुजी त्यांची जुनी गाडी घेऊन आले. "मिस्त्री, गाडी डावीकडं ओढायलीय, अन् स्टेअरिंग बी थरथरायलंय." मी पुढचं काही विचारलंच नाही. गाडी नेली, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं) करून आणली, गुरुजींनी पैसे दिले. चौथ्या दिवशी गाडी परत दारात, तक्रार तीच.

उस्तादांनी पान्याला हात लावला नाही. गुरुजींना शेजारी बसवून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. किती स्पीडला थरथरतं? ब्रेक दाबल्यावर की तसंच? घरून निघाल्या निघाल्या ओढते की काही अंतर गेल्यावर? गुरुजी म्हणाले, "निघताना काहीच नसतं. पोरीकडं संभाजीनगरला जातो ना, तर बदनापूर येईस्तोवर ओढायला लागती. अन् थरथर ब्रेक मारला तरच."

एवढ्यावरच निम्मा दोष सापडला होता, पण मला तो ऐकू आला नव्हता.

उस्ताद गाडी वीस किलोमीटर फिरवून आले आणि मला म्हणाले, "चाकाजवळ हात ने, टेकवू नको." उजवं पुढचं चाक कोमट होतं. डाव्या रिमजवळ हात धरवेना. पाण्याचे चार थेंब टाकले तर चर्र करून उडाले. चाक खोललं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची सरकणारी पिन जाम झालेली, रबरी बूट फाटून आत धूळ आणि पाणी गेलेलं. आतला पॅड झिजून पत्र्याला आलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. ब्रेक सुटतच नव्हता, म्हणून गाडी डावीकडं ओढत होती. सतत तापून डिस्क निळसर पडली होती, हातानं फिरवली तर पॅडला एका जागी घासायची, पुढं सुटायची. ब्रेक मारल्यावरची थरथर ती. आम्ही पिना साफ करून ब्रेकचं ग्रीस भरलं (साधं ग्रीस तिथं चालत नाही, रबर फुगतं), बूट नवे टाकले, डिस्क आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. मी घेतलेले अलाइनमेंटचे पैसे उस्तादांनी बिलातून वजा केले. पेन्शनवर चालणाऱ्या माणसाचे ते पैसे माझ्या घाईमुळं गेले होते, हे मला आजही लागतं.

म्हणून नव्या पोरांना मी आधी विचारायला शिकवतो. साधारण ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या दरम्यान थरथर येते आणि त्याच्या वर गेल्यावर कमी होते, तर बॅलन्सिंग बघा. स्टेअरिंग हलतं तर पुढची चाकं, सीट आणि फरशी हलते तर मागची. ॲक्सिलेटर दाबला की थरथर आणि पाय काढला की शांत, तर चाक फिरवणाऱ्या ॲक्सलचा आतला जॉइंट तपासा. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून अशा गाड्या आमच्याकडं वाढल्या. वर्षानुवर्षं गावात पन्नास-साठनं चाललेली गाडी तिथं शंभरला गेली की आजवर लपलेला दोष हातात येतो.

आपल्या भागातलं एक कारण पुस्तकात मिळणार नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गाडी आली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला लिंपून बसते आणि वाळून दगडासारखी होते. बॅलन्सिंगला पाच-दहा ग्रॅमचं वजन लावायचं असतं, इथं पाव किलो चिखल एकाच बाजूला चिकटलेला असतो. आधी चाक काढून आतून खरवडा, धुवा. कितीतरी गाड्या तेवढ्यानंच नीट होतात. चिखल न काढता मशीनवर चढवलं तर वजन चिखलाच्या हिशोबानं लागतं, आणि चिखल गळून पडला की गाडी पुन्हा थरथरते.

ओढण्याची तक्रार असेल तर हवा थंड टायरमध्ये मोजा. मग रस्त्याचा उतार ध्यानात घ्या. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते, त्यामुळं डावीकडची थोडी ओढ दोष नसते, सपाट जागी खात्री करा. त्यानंतर पुढचे दोन टायर आपसात बदला. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बदलू नका. ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचाच. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनाट टायरवर भरवसा ठेवू नका. चाक उचलून फिरवा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक टायरजवळ स्थिर धरा. मधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर टायरला फुगा आहे किंवा रिम वाकलीय, ते बॅलन्सिंगनं जाणार नाही.

ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर जास्त सावध राहा. गाडी उजवीकडं जाते म्हणून उजवं चाक खोलू नका, बऱ्याचदा डावा ब्रेक धरतच नसतो.

मग प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, बघायचा. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून, मागच्या चाकांना दगड लावून. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. चाक वर-खाली धरून हलवा, प्ले लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं धरून हलवल्यावर लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाकाला येणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टेअरिंग रॅक. एकानं स्टेअरिंग हलवावं, दुसऱ्यानं जॉइंटवर बोटं ठेवावीत. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा बोटाला लगेच कळतो. लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) दाबून बघा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बिघडला की स्टेअरिंग वाकडं बसतं आणि टायर कडेनं खातो, पण ओढ बहुधा दोन बाजूंचा कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा कल) किंवा कास्टर (बाजूनं बघितल्यावर चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल) वेगळा असल्यानं येते. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे दोन्ही फिरवून जुळवता येत नाहीत. मशीननं फरक दाखवला तर आर्म किंवा स्ट्रट (चाकावरचा शॉकअप-स्प्रिंगचा खांब) वाकलाय का, बुश गेलाय का, हे शोधावं लागतं.

गुरुजींची गाडी झाल्यावर उस्तादांनी मला बदनापूरपर्यंत जाऊन यायला लावलं, गुरुजींना शेजारी बसवून. परत आल्यावर मी खाली उतरून चारी रिमजवळ हात नेला. पुढची दोन्ही सारखीच कोमट होती. गुरुजींनीही वाकून हात धरून बघितला.