एमएच 31 वाल्यांसाठी: मोठी मूळ संख्या हातानं कशी तपासायची

परवा नागपूरच्या लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलवर समोर एक अ‍ॅक्टिव्हा, नंबर 8191, आणि मागं बसलेला भाचा म्हणते, मामा ही मूळ संख्या आहे का सांगा ना. पोरगं दहावीत आहे, हुशार आहे, पण त्याची पद्धत म्हणजे 2, 3, 5, 7 करत भागत सुटायचं. चूक नाही त्यात काही, फक्त 8191 चं वर्गमूळ 90 च्या जरासं वर, म्हणजे 24 मूळ संख्यांनी भागून बघा, तोवर सिग्नल सुटते अन् मागचे हॉर्न बडवून राहतात.

तर आधी नंबरमधे 1 मिळवून बघायचा. 8192 आला, म्हणजे 2 चा 13 वा घात, लॉटरीच लागली. 2 च्या घातापेक्षा 1 नं कमी असलेल्या अशा संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. (असं नाही निघालं तर खालचं काही चालणार नाही, भागत बसा.) मग घातांक बघा. तोच मूळ नसेल तर खेळ खतम, एमएच 49 वाल्यांनी राग मानू नका पण 49 म्हणजे सात साते, त्यामुळं 2 चा 49 वा घात वजा 1 याला 127 नं भाग जातोच. आणि घातांक मूळ आहे म्हणून उड्याही मारू नका, 11 घेतला तर 2047 येते अन् ते निघते 23 गुणिले 89.

आता खरी गंमत. मर्सेन संख्येला कोणीही येऊन भाग लावू शकत नाही राजेहो. घातांक 2 सोडून दुसरी कोणतीही मूळ संख्या असेल, तर जी मूळ संख्या भाग लावते तिच्यातून 1 काढला की उरलेल्याला घातांकाच्या दुपटीनं भाग जायलाच पाहिजे, आणि तिला स्वतःला 8 नं भागलं तर बाकी 1 नाहीतर 7. वरचे 23 अन् 89 ताडून बघा, बसतात. आपल्या 13 ची दुप्पट 26, म्हणून 90 च्या आत उमेदवार तीनच, 27, 53, 79. 27 मूळ नाही, 53 ची बाकी 5 म्हणून तोही बाद. उरला 79, त्याचे 103 पट 8137, बाकी 54. झालं, 8191 मूळ, एका भागाकारात!

एमएच 31 चा 31 घातांक म्हणून घेतला तर संख्या होते 2147483647. वर्गमूळ 46340 च्या पुढं, पण वरचे दोन नियम लावले की उमेदवार पावणेचारशेच्या आत येतात, गणितज्ञ ऑयलरनं 1772 मधे हे असंच हातानं मूळ ठरवलं.

भागायचंच नसेल तर लुकास-लेहमर चाचणी करा. 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, तुमच्या संख्येनं भागून बाकी ठेवा, असं घातांक वजा 2 इतक्या वेळा. शेवटी 0 आला तर मूळ. घातांक 5, संख्या 31 असेल तर 4, मग 14, मग 194 ची बाकी 8, मग 62 ची बाकी 0, तीन पायऱ्यात काम. 2024 मधे सापडलेली 4 कोटी 10 लाख अंकांची संख्या, घातांक 136279841, तीसुद्धा शेवटी याच चाचणीनं पक्की केली.

31 साठी मात्र 29 पायऱ्या, त्या स्प्रेडशीटमधे करू नका. मी केल्या, 0 च्या जागी भलताच आकडा, दोन रात्री फॉर्म्युल्यात चूक शोधत बसलो. चूक फॉर्म्युल्यात नव्हतीच, वर्ग जातो 19 अंकांवर अन् शीट धरते पहिले 15. भाच्यानं तेच पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सहा ओळीत टाकलं, 0 आला, वरून मलाच म्हणते, मामा एवढंच होतं का.