"बहात्तरचा दुष्काळ धुरानं पडला व्हता का?" : हवामान बदलावर बोलताना या चुका टाळा

सप्टेंबर २०२५चा पूर ओसरल्यावर गावच्या पारावर बसलो होतो. सीना, मांजरा, सिंदफणा पात्र सोडून शिवारात शिरल्या होत्या. उभ्या सोयाबीनची एक शेंग फोडून पाहिली, तर दाणा फुगून त्याला पांढरी मुळी सुटलेली. सवयीनं मी म्हणालो, "हवामान बदललंय." शेजारचे अप्पा लगेच म्हणाले, "मग बहात्तरचा दुष्काळ काय मोटारींच्या धुरानं पडला व्हता का?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर न देता विचारणाऱ्यालाच अडाणी ठरवणं ही पहिली चूक, आणि ती आम्ही चार बुकं शिकलेलेच जास्त करतो.

"आधीबी असंच व्हायचं" म्हणून विषय संपवणं

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळाची गोष्ट सहाशे वर्षांनंतरही सांगितली जाते, आणि तेव्हा कारखाने नव्हते. पण विहिरीचं घ्या. उन्हाळ्यात विहीर पूर्वीही आटायची. म्हणून यंदा ती शेजारच्या बोअरनं आटलीच नसेल, असं आपण म्हणत नाही. बोअर किती खोल गेलं, त्याची मोटार सुरू झाली की आपलं पाणी किती खाली जातं, हे बघतो.

शास्त्रज्ञांनी हेच केलं. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे १८५०च्या दशकातच प्रयोगांत दिसलं होतं. हवाई बेटांवरच्या माउना लोआ इथं १९५८पासून त्याची मोजणी चालू आहे. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय. वाढलेला कार्बन कोळशा-तेलाचा आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून, ओळखू येतं. सूर्यावरही संशय घेऊन झाला. त्याचं तेज उपग्रहांवरून १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मोजलं जातंय आणि ते वाढलेलं नाही. शिवाय सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय.

एका पावसाळ्यावरून निकाल लावणं

२०१५मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका सदस्यानं बर्फाचा गोळा आणून दाखवला होता : बघा, कुठाय तापमानवाढ? जायकवाडी भरलं की आपल्याकडेही हेच बोललं जातं. हवामान तीस-तीस वर्षांच्या नोंदींवर जोखतात. अशा लांब नोंदी तपासूनच पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की मध्य भारतात मोठ्या टापूवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या.

पुढाऱ्यांवरचा राग विज्ञानावर काढणं

आपल्या भागातल्या संशयाचं मूळ मला इथं दिसतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याच टापूत साखर कारखान्यांसाठी ऊस उभा होता. दोनशे फुटांची बोअर आठशेवर गेली, धरणातल्या पाण्याच्या वाटपात कुणाचं वजन पडलं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. अशा वेळी व्यासपीठावरून कुणी "हवामान बदलाचं संकट" म्हणालं, की ऐकणाऱ्याला ते हात झटकणं वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. पण निमित्त म्हणून वापरलं म्हणून कारण खोटं होत नाही. पावसाचे खंड आणि अतिवृष्टी वाढणार असतील, तर उसाला पाणी देण्याचा हिशेब उलट जास्त कडकपणे मागायला हवा.

"हे गोऱ्यांचं कारस्थान"

यातला राग खरा आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. आजवर हवेत गेलेल्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. १९९२च्या जागतिक करारात "सामाईक पण वेगवेगळी जबाबदारी" हे तत्त्व याच भांडणातून आलं. पण तापमानवाढ माणसानं केलीच नाही असं म्हटलं, तर भरपाई कुणाकडे आणि कशाची मागायची? आपली बाजूच आपण सोडून देतो. आणि हा संशय पसरवण्यात तेल कंपन्यांचा पैसा होता, हेही विसरू नये. एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञानं १९७७मध्येच वरिष्ठांना हा धोका समजावून सांगितला होता. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हंजी बोअर मारणाराला ठावं व्हतं."

प्रत्येक गारेचं खापर हवामान बदलावर फोडणं

ही आमच्या बाजूची चूक, आणि मी ती केली आहे. २०१४च्या गारपिटीत ज्वारी-गहू आडवा झाला, द्राक्षबागा गेल्या. मी छातीठोक सांगत सुटलो की ही तापमानवाढच. एकानं पुरावा विचारला, माझ्याकडे नव्हता. गारपिटीबाबत विज्ञान अजून तेवढं ठाम नाही. उष्णतेच्या लाटा आणि मुसळधार पाऊस याबाबत बरंच ठाम आहे. हा फरक सांगितला असता तर त्या माणसानं पुढचंही ऐकलं असतं.

अप्पांशी मी आता रात्रींपासून सुरुवात करतो. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत जगभर रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगानं तापल्यात. ऊन वाढल्यानं तापत असतं, तर दिवस पुढे असते. वायूंनी धरलेली उष्णता रात्रीही सुटत नाही. "अप्पा, तुम्ही माळवदावर झोपायचात, चैतात पहाटे अंगावर काय घ्यायचात?" असं विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाकळ लागायची. आता चादरबी नको वाटती."