शांघायहून एका दिवसात हांगचौचं पश्चिम सरोवर: या चुका टाळा

सकाळी शांघायहून निघून हांगचौचं शी-हू, म्हणजे पश्चिम सरोवर, पाहून रात्री परतता येतं. बेत फसतो तो बहुतेकदा दोन ठिकाणी: स्टेशन निवडताना आणि दिवसात किती कोंबायचं हे ठरवताना.

स्टेशनचं आधी बघू. तिकिटावर नुसतं ‘हांगचौ’ असेल तर ते शहरातलं जुनं स्टेशन. तिथून मेट्रोच्या लाइन 1 वर दुसरंच स्टेशन लोंगश्यांगच्याओ, आणि तिथून काठ चालत दहा मिनिटांच्या आत. ‘हांगचौ डोंग’ म्हणजे पूर्वेचं मोठं स्टेशन. तेही याच लाइनवर, सहा स्टेशनं दूर. ‘हांगचौ शी’ला मात्र भुलू नका. सरोवराच्या नावातला ‘शी’ आणि हा ‘शी’ एकच, अर्थ पश्चिम. पण ते स्टेशन तळ्यापासून फार लांब, शहराच्या टोकाला आहे.

शांघायच्या होंगच्याओ स्टेशनाहून वेगवान गाडीला साधारण तासभर लागतो. तिकीट पासपोर्टशी जोडलेलं असतं, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. फोटोवर भागत नाही. स्वयंचलित फाटक पासपोर्ट वाचत नसेल तर कर्मचारी उभा असलेल्या रांगेत जा. सामानतपासणी असते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, तेव्हा पाऊण तास हाताशी ठेवा. परतीचं तिकीटही जातानाच काढा. रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात.

पैशांची तयारी घरूनच करायची. यूपीआय इथे उपयोगाचं नाही. अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, पण त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. भारतातल्या नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून कार्ड निघण्यापूर्वीच जोडून टाका. गूगल मॅप्स तिथल्या इंटरनेटवर उघडत नाही, आणि रोमिंगवर उघडलं तरी ठिपका काहीशे मीटर सरकलेला दिसू शकतो. गाओद या चिनी अ‍ॅपचा नकाशा वापरा आणि ठिकाणांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. टॅक्सीवाल्याला ‘वेस्ट लेक’ एवढंच सांगाल तर घेर सुमारे 15 किलोमीटरचा आहे. तो कुठेही सोडेल.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: सरोवर आणि लिंगयिन मंदिर एकाच दिवशी. मंदिर पश्चिमेच्या डोंगरात आहे. भारतातून आलेल्या हुइली या भिक्षूने ते चौथ्या शतकात स्थापलं अशी परंपरा. समोरच्या डोंगराचं नावच ‘उडत आलेलं शिखर’, कारण हा आपल्याकडचाच डोंगर इथे कसा आला, असा प्रश्न हुइलीला पडला म्हणे. तिथली कोरीव शिल्पं नीट पाहायची तर अर्धा दिवस तिकडेच जातो. एकच दिवस असेल तर मंदिर सोडा.

चालण्याची दिशाही महत्त्वाची. लोंगश्यांगच्याओहून काठाने उत्तरेला तुटक्या पुलाकडे जा (तो तुटलेला नाही, शोधत बसू नका), मग बाय बांधावरून पश्चिमेला, आणि पुढे सू बांध उत्तरेकडून दक्षिणेला. कवी सू दोंगपो इथला अधिकारी असताना, 1090च्या सुमारास, तळ्यातला उपसलेला गाळ टाकून हा 2.8 किलोमीटरचा बांध झाला. सहा कमानी पूल आहेत, प्रत्येकावर चढ आणि उतार, त्यामुळे साध्या सपाट वाटेपेक्षा गुडघे जास्त बोलतात. कडेला एक विलो, एक पीच अशी लागवड आहे. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला विलोची कोवळी पालवी आणि गुलाबी फुलं एकाच वेळी दिसतात. उलट दिशेने गेलात तर संध्याकाळी तुम्ही उत्तर टोकाला असता आणि दक्षिण काठाच्या लेफंग मनोऱ्यावरचा सूर्यास्त हुकतो. (जुना मनोरा 1924 मध्ये कोसळला, आताचा 2002चा आहे, आत सरकते जिने आणि लिफ्ट आहे.)

नावेत बसण्याआधी ती कुठे नेते ते विचारा. वल्ह्याची लहान नाव तळ्यात फिरवून आणते, बेटावर उतरवत नाही. एक युआनच्या नोटेमागचे तीन दगडी दीपस्तंभ जवळून पाहायचे तर बेटाची मोठी बोट घ्यावी लागते. या बोटी संध्याकाळपूर्वी बंद होतात, म्हणून बेट दुपारीच उरका. परतताना बोट कोणत्या धक्क्याला लागणार ते चढण्याआधी पाहा, नाहीतर तळ्याच्या भलत्याच बाजूला उतराल.

शाकाहारी असाल तर ‘भाजी’ मागितल्याने भागत नाही. डुकराची चरबी किंवा मांसाचा रस्सा असू शकतो. बौद्ध पद्धतीचं ‘सू-शी’ उपाहारगृह शोधा. परंपरेप्रमाणे तिथे कांदा-लसूणही नसतो.

1 ते 7 ऑक्टोबर आणि 1 मेची सुट्टी टाळा. तुटक्या पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते. जूनमध्ये पावसाची झड, जुलै-ऑगस्टमध्ये कमळं फुलतात पण पारा 35च्या वर जातो.

मनोऱ्यापासून स्टेशनला निघताना दीड तास धरा. सूर्यास्तानंतर नानशान रस्ता तुंबतो. टॅक्सीची वाट पाहण्यापेक्षा डिंगआन रस्त्याच्या मेट्रोपर्यंत, तीनेक किलोमीटर, सरळ चालत सुटा.