मोबाइलच्या बोर्डाचे मॅक्रो फोटो काढताय? या चुका टाळा

बंद पडलेल्या फोनची बोर्डं मी दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणते. नखाएवढ्या जागेत किती नजाकतीचं काम असतं, ते फोटोत दिसावं एवढाच माझा हट्ट. पण सुरुवातीला माझ्या फोटोंत दिसायची ती धूळ! डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या बोर्डावर मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढणाऱ्या) लेन्समधून कापसाचे तंतू दोरखंडासारखे पसरलेले दिसतात. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. रबरी ब्लोअर वापरा. चिकट डागाला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला इअरबड.

खरी गंमत आणि खरी फसगत प्रकाशाची. काळ्या चिपवरची अक्षरं लेझरने उमटवलेली असतात. समोरून फ्लॅश मारला की ती गायब होतात आणि उरतो करडा चौकोन. खोलीतला दिवा बंद करा, छोटी टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवा आणि चिपभोवती सावकाश फिरवा. एका ठरावीक कोनात अक्षरं अशी उजळतात की नंबर सहज वाचता येतो. सिमकार्डच्या सोनेरी पट्ट्यांचं मात्र उलटं. त्या आरशासारख्या असतात, समोरची काळी लेन्सच त्यांच्यात दिसते. तिथे टॉर्चपुढे बटर पेपर धरा, दुसऱ्या बाजूला जुन्या लग्नपत्रिकेची कोरी पांढरी बाजू उभी करा.

फोटोत आडवे पट्टे येतात? दोष बहुधा स्वस्त एलईडी दिव्याचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून बघा.

सगळं फोकसमध्ये यावं म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२२ वर, म्हणजे अगदी अरुंद, नेण्याची चूक जवळपास सगळेच करतात. एकास एक मॅक्रोत (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच असते तेव्हा) प्रत्यक्षात मिळणारं अ‍ॅपर्चर साधारण दोन स्टॉप (म्हणजे प्रकाश चौथाई होण्याइतकं) अरुंद होतं, म्हणजे एफ/११ लावलं तरी ते एफ/२२ सारखं वागतं. मग डिफ्रॅक्शनमुळे (अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) कडाच मऊ पडतात. एफ/५.६ च्या आसपास राहा, फोकस कणाकणाने पुढे सरकवत पंधरा-वीस फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करा, म्हणजे प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक फोटो बनवा. तेवढ्या वेळापुरता पंखा बंद आणि टायमर दोन सेकंदांचा. टेबलाची थरथर हाताला जाणवत नाही, फोटोत जाणवते.

फोनवरूनच काढत असाल तर दोन मेगापिक्सेलच्या वेगळ्या मॅक्रो कॅमेऱ्यापेक्षा मुख्य कॅमेरा थोडा लांब धरून नंतर क्रॉप केलेला मला कधीही बरा वाटतो. फोनची सावलीही पडत नाही.

बोर्डाला हात लावण्याआधी बॅटरी सोडवा. फुगलेली असेल तर तो फोन उघडूच नका. चार्जर फोटोसाठी फोडू नका, प्लगमधून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो. आणि सिमवरचा लांबलचक नंबर, लेबलवरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) हे फोटो टाकण्याआधी झाकून टाका.