जुनी पेटी ऑनलाइन घेताना: विकणाऱ्याला वाजवता येत नसेल तर काय पाहावे

विदर्भातल्या लहान गावांत भजनी मंडळाला किंवा सामुदायिक प्रार्थनेला पेटी हवी असते, पण नवी घेण्याइतकी वर्गणी जमत नाही, आणि मग कोणीतरी मोबाइलवर जुन्या पेट्यांच्या जाहिराती शोधू लागतो. या जाहिराती बऱ्याचदा वाजवणाऱ्याने दिलेल्या नसतात. घरातले वाजवणारे माणूस वारलेले असते, पेटी वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असते, आणि मुलगा किंवा सून ‘चालू स्थितीत’ एवढेच लिहून फोटो टाकते. त्यात लबाडी असतेच असे नाही, कारण भाता हलवल्यावर आवाज आला म्हणजे पेटी चालू, असे त्यांना मनापासून वाटत असते. म्हणून अशा विक्रेत्याला ‘पेटी कशी आहे?’ असे विचारू नये. त्याला सहज जमेल अशी कृती सांगावी आणि निष्कर्ष आपण काढावा.

आधी दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो मागवावेत: समोरून, मागून भाता पूर्ण उघडून, आणि तळाकडून. भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर कापड किंवा कातडे फाटलेले आहे का, उंदरांनी कुरतडले आहे का आणि लाकडाला वाळवीची माती लागली आहे का, हे फोटोत दिसते. पेटी कुठे ठेवली होती, हेही विचारावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून चिरते आणि पावसाळ्यात फुगते. पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीच्या पट्ट्या त्यामुळे अडकू लागतात.

खरी परीक्षा आवाजाची आहे आणि ती व्हिडिओ कॉलवर करू नये. कॉलमध्ये सलग चालणारा सूर पुष्कळदा गोंगाट समजून दाबला जातो, त्यामुळे चांगली पेटीही तुटक ऐकू येते. पेटी खरोखर त्या घरात आहे एवढी खात्री करण्यापुरताच कॉल उपयोगी आहे. सुरांसाठी पंखा बंद करून, फोन टेकवून ठेवून, मध्ये न थांबता केलेले रेकॉर्डिंग मागवावे. विक्रेत्याला असे सांगावे: “समोरचे सगळे स्टॉपर, म्हणजे ओढायच्या मुठी, बाहेर ओढा, भाता सावकाश चालवा आणि डावीकडून सुरुवात करून पांढरी-काळी एकही न सोडता प्रत्येक पट्टी थोडा वेळ दाबून धरा.” एकही पट्टी न दाबता आवाज येऊ लागला तर तो दोष आहे असे लगेच धरू नये, काही स्टॉपर सतत एकच सूर धरण्यासाठी असतात. एकेक स्टॉपर बंद करत गेल्यावर तो आवाज थांबला, तर बहुधा काळजीचे कारण नाही. सतत सूर धरणारे स्टॉपर बंद आणि पट्ट्यांच्या सुरांचे उघडे असताना तो चालूच राहिला, तर एखाद्या पट्टीखालचे कातडे नीट बसत नाही.

नंतर सगळे स्टॉपर आत ढकलून भाता चालवायला सांगावे. हवा धरणाऱ्या पेटीचा भाता थोड्याच वेळात हाताला जड लागतो. तेव्हा जोर करू नये, हेही सांगून ठेवावे. तो कितीही चालवला तरी हलकाच राहत असेल आणि फुसफुस ऐकू येत असेल, तर हवा गळते आहे.

रेकॉर्डिंग ऐकताना दोष वेगवेगळे ओळखावेत. एखादी पट्टी मुकी असेल तर बहुधा सुरात, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पितळी पट्टीत, कचरा अडकलेला असतो आणि काम थोडक्यात होते. करकर आवाज येणारा सूर आपल्या खाचेला घासत असतो. मात्र एखादा सूर शेजाऱ्यांपेक्षा एकदम खूप उतरलेला असेल, तर पितळी पट्टीला चीर गेल्याची शंका घ्यावी, कारण असा सूर बदलावाच लागतो. साडेतीन सप्तकांच्या, ४२ पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेल्या पेटीत, ८४ सूर असतात, त्यामुळे ती सुरात आणणे हे वेळखाऊ काम आहे. सूर खरवडूनच चढवतात किंवा उतरवतात, आणि वारंवार खरवडलेली पितळी पट्टी पातळ होते.

हे रेकॉर्डिंग अमरावती, नागपूर किंवा जवळच्या शहरातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ऐकवून खर्चाचा अंदाज घ्यावा आणि तो धरूनच भाव बोलावा. इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: पेटी फारच चांगली निघाली आणि विक्रेत्याने अजाणतेपणी फार कमी किंमत लावली असेल, तर ते त्याला सांगावे. भजनाची पेटी कोणाच्या अज्ञानाचा फायदा घेऊन घरात आणू नये.

पेटी प्रत्यक्ष पाहण्याआधी आगाऊ रक्कम पाठवू नये. बदली झाल्याचे सांगून घाई करणारा, पण पेटी दाखवायला टाळणारा विक्रेता सोडून द्यावा. फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पाहायला जाताना वाजवणारा माणूस सोबत न्यावा, वरची फळी उघडून आतली जाळी आणि कातडी पाहावी, आणि सगळ्या पट्ट्या पुन्हा एकदा वाजवून मगच पैसे द्यावेत.

आणताना भात्याच्या कड्या लावाव्यात, स्टॉपर आत करावेत आणि पेटी गोधडीत गुंडाळून तळ खाली राहील अशी ठेवावी. एसटीत ती टपावर किंवा डिकीत न टाकता मांडीवर घ्यावी.